दिव्यातील तेल : संगणकाच्या परीक्षा आणि नित्याचा अभ्यास

आमच्या धर्मग्रामांतून अलीकडे एक नवी चिंता ऐकू येऊ लागली आहे. मुलगा अथवा मुलगी पदवी पदरात पाडून घरी बसलेली असते. नोकरीच्या अनेक जाहिरातींत संगणकविद्येचे एखादे ‘सर्टिफिकेशन’ मागितलेले असते. आणि वडिलांनी उसाच्या अगर काजूच्या पैशांतून परीक्षेची फी मोठ्या कष्टाने बाजूला काढून ठेवलेली असते. ही फी हजारो रुपयांच्या घरात जाते. उमेदवार नापास झाला तर ती परत मिळत नाही, आणि पुन्हा बसावयाचे झाल्यास पुन्हा पूर्ण रक्कम मोजावी लागते. तेव्हा हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नसून साऱ्या कुटुंबाचा आहे, आणि म्हणूनच या कौटुंबिक पत्रातून त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दहा कुमारिकांचा दाखला आमच्या वाचकांस चांगला परिचित आहे. पाच शहाण्या होत्या, पाच मूर्ख. दिवे सर्वांपाशी होते. उणीव होती ती तेलाची. ऐन मध्यरात्री हाक आली तेव्हा एकीला दुसरीकडून तेल उसने घेता आले नाही. अभ्यासाचेही तसेच आहे. पुस्तके सर्वांपाशी असतात, मोबाइलवर शिकवण्या पाहण्याची सोयही आता खेडोपाडी झाली आहे. परंतु रोजच्या रोज थेंबाथेंबाने साठविलेले ज्ञान परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाकडून उसने मिळत नाही.

परीक्षेचे स्वरूप

बोलणे मोघम राहू नये म्हणून आपण एकच परीक्षा उदाहरणादाखल घेऊ. संगणकदुरुस्ती व तांत्रिक साहाय्य या व्यवसायात प्रथम पाऊल टाकणाऱ्यांसाठी ‘कॉम्पटिया’ या संस्थेची ‘ए प्लस’ नावाची परीक्षा आहे. तिचे दोन भाग असून तिची सध्याची आवृत्ती मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. प्रत्येक भागात अधिकांत अधिक ९० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा. गुणांची पट्टी १०० ते ९०० अशी आहे. उत्तीर्ण होण्यास पहिल्या भागात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण लागतात. काही प्रश्न पर्याय निवडण्याचे, तर काही प्रत्यक्ष काम पडद्यावर करून दाखविण्याचे असतात. परीक्षा मराठीत होत नाही. ती बहुधा इंग्रजीत द्यावी लागते, ही गोष्ट मराठी शाळांतून शिकलेल्या आमच्या मुलांनी प्रथमच ध्यानी घ्यावी.

अभ्यासक्रमाची अधिकृत यादी संस्था विनामूल्य देते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी ती यादी मिळवावी आणि तिचा कागद भिंतीवर लावावा. पहिल्या भागात दोष शोधून काढण्याच्या विषयाला २८ टक्के भार आहे, संगणकाच्या अवयवांना २५, नेटवर्कला २३, मोबाइल उपकरणांना १३ आणि क्लाउड व तत्सम विषयांना ११.

घटका ठरविणे

इ. स. ५३० च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली रचली, तीत आळस हा आत्म्याचा शत्रू मानून कष्टाची आणि वाचनाची वेळ निरनिराळी नेमून दिली. मन लागेल तेव्हा वाचावे, असे त्यांनी म्हटले नाही. वेळ झाली की वाचावयास बसावे, मन मागाहून येते, हे मर्म त्या नियमात आहे. आमच्या गावांतून तर वेळेची खूण घंटेने होतच आली आहे. आंजेलुसची घंटा झाली की शेतातला माणूस क्षणभर थांबतो. ‘आज उत्साह आहे काय’ असे तो स्वतःला विचारीत नाही.

अभ्यासाची घटका अशाच एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून द्यावी, हे उत्तम. सायंकाळची जपमाळ संपली, जेवण झाले, की लगेच दीड तास. जे दिवसभर बेळगावच्या कारखान्यात अगर बडोद्याच्या दुकानात राबतात आणि रात्री थकून येतात, त्यांनी पहाटेची वेळ धरावी. जागा एकच असावी, आणि त्या वेळेपुरता मोबाइल आईच्या स्वाधीन करावा. धडा मोबाइलवरच पाहावयाचा असल्यास तो आधी उतरवून घ्यावा आणि मग जोडणी बंद करावी. वीज अगर नेटवर्क गेल्याची सबबही त्यामुळे उरत नाही.

आठवड्यातून पाच दिवस दीड तास म्हणजे साडेसात तास. आठ आठवड्यांचे होतात ६० तास. वर दिलेल्या भारानुसार त्यांची वाटणी केली, तर दोष शोधण्यासाठी सुमारे १७ तास येतात, अवयवांसाठी १५, नेटवर्कसाठी १४, मोबाइल उपकरणांसाठी ८ आणि क्लाउडसाठी ६. पुढील दोन आठवडे केवळ उजळणीस ठेवावे. असे दहा आठवड्यांत एका भागाचे काम होते. शनिवार हा राहून गेलेल्या धड्यासाठी मोकळा असावा. रविवार मात्र प्रभूचा. त्या दिवशी मिस्सा, घरची माणसे आणि विश्रांती. विश्रांती हा नेमाचाच भाग आहे, नेमभंग नव्हे.

वाचन आणि आठवण

पुष्कळ मुले एकच पान चारदा वाचतात आणि अभ्यास झाला असे समजतात. हा भ्रम आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाची मोजदाद केली आणि १८८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. शिकलेले प्रारंभी फार वेगाने विसरते, पुढे तो वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. पुढे २००६ मध्ये रोडिगर व कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून काही उतारे अभ्यासून घेतले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले, तर काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते; परंतु आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले.

यावरून करावयाचे ते सोपे आहे. दीड तासातील पहिली वीस मिनिटे कालचा धडा पुस्तक मिटून कागदावर उतरविण्यात घालवावी. मग नवा धडा घ्यावा. शेवटची पंधरा मिनिटे स्वतःलाच प्रश्न विचारावे. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा आठवून पाहावा.

वहीचे पान दोन रकान्यांचे करावे. डाव्या बाजूस इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूस आपल्या मराठीत तिचा अर्थ. उदाहरणार्थ, ‘डीएचसीपी’ म्हणजे नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देणारी व्यवस्था. ‘डीएनएस’ म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणारी. एखाद्या विंडोज संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर बहुधा त्याला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. जे आजीला मराठीत समजावून सांगता आले, ते विद्यार्थ्याला कळले. जे केवळ इंग्रजीत घोकता आले, ते प्रश्नाचे शब्द बदलताच हातून निसटते.

नुसत्या वहीनेही भागणार नाही. कोणाच्या घरी निकामी पडलेला जुना संगणक असेल तर तो मागून घ्यावा. विजेची जोडणी काढून त्याचे झाकण उघडावे, मेमरीची पट्टी काढून परत बसवावी, पंख्याची धूळ झाडावी. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये. तीत जोडणी काढल्यानंतरही धोकादायक भार राहू शकतो.

संत इग्नेशियस शाळेच्या बाकावर

वय वाढले, आता पाठांतर कसले होते, असे म्हणणाऱ्यांनी संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र आठवावे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत जखमी झालेला हा सरदार १५२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, बार्सिलोना येथे लॅटिनचे प्राथमिक व्याकरण शिकावयास बसला. पाठ करू लागताच त्यांच्या मनात भक्तीचे नवनवे विचार दाटून येत, आणि क्रियापदे बाजूला राहत. प्रार्थनेच्या वेळी न येणारे हे विचार नेमके अभ्यासाच्या वेळीच का यावे, याचा त्यांनी शोध घेतला आणि तो मोह होय असे ओळखले. तेव्हा त्यांनी गुरुजींपाशी जाऊन, आपण एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन दिले. वचन दिल्यावर तो मोह सरला.

त्यांच्याच चरित्रात दुसराही बोध आहे. आल्काला येथे त्यांनी एकाच वेळी अनेक विषयांना हात घातला; परिणामी पाया कच्चा राहिला. १५२८ मध्ये पॅरिसला गेल्यावर त्यांनी तो ओळखला आणि लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनचा पुन्हा प्रारंभ केला. आज नेटवर्क, उद्या क्लाउड, परवा सुरक्षा, असे एकाच महिन्यात तीन परीक्षांचे नाव घेणाऱ्या आमच्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे. एक भाग पुरा होईपर्यंत दुसऱ्याचे पुस्तक उघडूच नये.

नेम मोडला तर

गावात लग्न निघते, भाताची कापणी येते, घरात आजारपण येते. नेम मोडणारच. अशा वेळी चार दिवसांचा बुडालेला अभ्यास एका रात्रीत भरून काढण्याच्या खटपटीने माणूस थकतो आणि अखेर पुस्तकच मिटवितो. त्यापेक्षा अडचणीच्या दिवशी पंधराच मिनिटे बसावे, पण बसावे. एक दिवस गेला तर दुसरा जाऊ देऊ नये. पश्चात्तापाचे आमच्या धर्मात जे स्थान आहे तेच येथेही आहे : पडलेल्याने रडत बसू नये, उठून चालू लागावे.

घरच्यांचे कर्तव्य

या कामी घरच्यांचा वाटा मोठा आहे. ‘अहो, मुलगा नुसता संगणकापुढे बसून असतो’ अशी तक्रार करण्यापूर्वी आईबापांनी त्याची वही एकदा मागून पाहावी. त्या दीड तासात दूरदर्शनचा आवाज कमी असावा, दुकानातून साखर आणण्याचे काम धाकट्याला सांगावे. आणि हे मुलीच्या बाबतीतही तितकेच खरे. मुलाने पुस्तक घेतले की घर शांत होते आणि मुलीने घेतले की तिला चूल दाखविली जाते, हा अन्याय आमच्या कित्येक घरांतून अजून चालतो. फी दोघांची सारखीच आहे. मग वेळही दोघांना सारखाच मिळावयास नको काय?

आडवाट

आता एक कटू गोष्ट. परीक्षेतील खरे प्रश्न चोरून जमविलेले संग्रह बाजारात ‘डम्प’ या नावाने विकले जातात. ‘सगळेच घेतात’ असे सांगून ते आमच्या मुलांच्या हाती दिले जातात. उमेदवार परीक्षेपूर्वी प्रश्न गुप्त ठेवण्याचा करार मान्य करतो. तेव्हा असे प्रश्न विकणारा वचनभंग करतो, आणि जाणूनबुजून विकत घेणारा त्यात भागीदार होतो. सातव्या आणि आठव्या आज्ञेला पळवाट नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ही वाट घातक आहे. गैरप्रकार उघडकीस आल्यास परीक्षा घेणाऱ्या संस्था प्रमाणपत्र रद्द करतात आणि पुढे बसण्यासही बंदी घालू शकतात. आणि सर्व लपून राहिले, तरी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बंद पडलेले यंत्र समोर येते, तेव्हा चोरलेले उत्तर कामी येत नाही.

परीक्षेचा दिवस

नाव नोंदविताना आमच्या समाजाने विशेष दक्षता घ्यावी. डिसोझा, फर्नांडिस यांसारखी आडनावे शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेली आढळतात. परीक्षेच्या नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळावे लागते. न जुळल्यास उमेदवाराला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ही दुरुस्ती आदल्या आठवड्यात होत नाही, महिना दोन महिने आधीच करावी. घरी बसून परीक्षा द्यावयाची असल्यास खोलीत दुसऱ्या कोणी येता कामा नये. कॅमेऱ्यातून पाहणी चालू असते आणि कोणी आत डोकावल्यास परीक्षा थांबविली जाते. ज्यांच्या घरात वेगळी खोली नाही त्यांनी शहरातील केंद्र गाठावे हेच बरे, आणि आदल्या रात्री झोप मोडू नये. प्रत्यक्ष काम करून दाखविण्याचे प्रश्न सहसा प्रारंभीच येतात. ते खूण करून मागे ठेवता येतात. सोपे आधी उरकावे आणि मग त्यांच्याकडे वळावे.

परीक्षार्थी ज्यांचा धावा करतात ते संत कुपर्तिनोचे योसेफ सतराव्या शतकात होऊन गेले. १७६७ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांना विद्या फार जड जात असे. अमेरिकेतील ज्या कुपर्तिनो गावात ॲपल या संगणक-कंपनीचे मुख्य ठाणे आहे, त्या गावाचे नाव याच संतांवरून आले आहे. त्यांची मध्यस्थी अवश्य मागावी. मात्र पुस्तक उघडून मागावी.

ए प्लसचे प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतेच असते, मग त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे उत्तीर्ण झाल्यावरही दिव्यात तेल घालणे संपत नाही. ज्या घरात जपमाळेनंतर रोज दीड तास दिवा शांतपणे जळतो, त्या घरातील मुलाला वा मुलीला मध्यरात्री तेलाच्या शोधात दारोदार फिरावे लागणार नाही, असा आमचा विश्वास आहे.