महापूर आणि मजुरी : हजीरा-सुरतेचा अनुभव

मराठीत 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द रूढ आहे. आभाळातून येते ती अस्मानी आणि राजसत्तेमुळे ओढवते ती सुलतानी. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या महापुराला यांपैकी कोणते नाव द्यावे, हे ठरविणे अवघड आहे. वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला हे खरे. परंतु १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणातील साठा अगोदरच कमी का केला नाही, हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला. विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला. ९ ऑगस्टला पौर्णिमा होती, म्हणजे भरतीचेही दिवस. सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि नदीच्या मुखाशी असलेल्या हजीऱ्याच्या कारखानदारीतही पाणी शिरले.

अशा आपत्तीचे आर्थिक परिणाम मोजताना आपण बहुधा वस्तू मोजतो. पंचनामा भिंत, यंत्र, माल, जनावर यांचा होतो; बुडालेल्या मजुरीचा होत नाही. सुरतेत हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण येथील यंत्रमाग कामगाराला मीटरवर आणि हिरे घासणाऱ्याला नगावर मोबदला मिळतो. घरी बसून साडीला टिकल्या लावणाऱ्या स्त्रीचे नाव तर कोणत्याच हजेरीपटावर नसते. माग बंद पडला की मालकाचे भांडवल अडकते. कामगाराचे त्या दिवसाचे जेवण अडकते.

हजीऱ्यातील मोठ्या कारखान्यांना विमा असतो, बँकेकडून मुदतवाढ मागता येते. त्याच कारखान्यातील कंत्राटी मजुराजवळ मुकादमाकडून घेतलेली उचल असते. काम थांबले तरी उचल थांबत नाही. शिवाय तो भाड्याच्या खोलीत राहतो, त्यामुळे घराच्या नुकसानीची भरपाई घरमालकाच्या नावे जाते. सुरतेत खानदेशातून आलेले मराठी भाषक मजूर पुष्कळ आहेत. सुरतेत मजुरी बुडाली की गावी पाठवायचे पैसेही बुडतात. ज्या गावात पूर आलाच नाही तेथील किराणा दुकानाची उधारी अशा रीतीने वाढते, आणि ही हानी कोणत्याही अहवालात येत नाही.

आपल्या समाजातील मदतकार्याचाही येथे विचार करावयास हवा. पहिल्या आठवड्यात शिजवलेले अन्न व चादरी देणे आवश्यकच असते. परंतु खरी अडचण पुढच्या महिन्यात सुरू होते, तेव्हा मदत करणारे परतलेले असतात. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आपल्या वाटपाच्या याद्यांत तो रकाना क्वचितच दिसतो. शिलाई यंत्र दुरुस्त करण्यासाठी किंवा हातगाडी पुन्हा उभी करण्यासाठी लहानशी कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी रक्कम, वेळेवर मिळाली तर सावकाराची पायरी टळते. त्यासाठी मोहल्ल्यातील भाडेकरू, कंत्राटी मजूर व घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची नोंद पावसाळ्यापूर्वीच तयार असावी लागते. हे काम मदरसा, शाळा व जमात मिळून करू शकतात.