मागची गाडीही चालवावीच लागते

उन्हाळ्याची सुट्टी. मुलाबाळांसह आपण गावी निघालो आहोत आणि वाटेतच गाडी बंद पडते. एखादा भला जीपवाला थांबतो, दोर काढतो आणि म्हणतो, "चला, टोचन करून गॅरेजपर्यंत सोडतो." मग घरातला अनुभवी चालक रस्ता दाखवायला जीपमध्ये बसतो आणि बंद गाडीत बसवले जाते नुकतेच लायसन्स मिळालेल्या मुलाला. 'गाडी बंदच तर आहे, नुसते स्टिअरिंग धरायचे!' नेमकी येथेच चूक होते.

बंद गाडी चालवणे जास्त कठीण असते. इंजिन बंद असले की ब्रेकला त्याची मदत मिळत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे घट्ट होते आणि पूर्ण ताकदीने दाबावे लागते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. चावी काढून घेतली, तर स्टिअरिंग लॉक होऊन गाडी वळतच नाही. म्हणून चावी 'ऑन' ठेवावी आणि मागच्या गाडीत सर्वांत अनुभवी चालकानेच बसावे.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारच्या १९८९ च्या रस्ता-नियमांनुसार अशा गाडीत परवानाधारक चालक असणे, दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसणे, दोर इतरांना सहज दिसणे आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत असणे आवश्यक होते. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, तरी हे पथ्य आजही पाळण्याजोगे आहे. ताशी २४ किलोमीटर वेगाने ५ मीटर अंतर पाऊण सेकंदात संपते! पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तर मागच्याला सावरायला तेवढाच वेळ मिळतो.

दोर कसा बांधावा?

दोर बंपरला बांधू नये, तो उखडून येतो. बऱ्याच गाड्यांच्या हत्यारांच्या पिशवीत एक लोखंडी कडी असते. बंपरवरचे छोटे झाकण काढून ती आत पक्की पिळावी. साखळीपेक्षा जाड नायलॉनचा दोर बरा, कारण तो थोडा ताणला जातो आणि हिसका कमी बसतो. त्यावर लाल फडके बांधावे. तुटलेला दोर चाबकासारखा उसळतो, म्हणून गाड्या निघताना कोणालाही जवळ उभे राहू देऊ नये.

निघण्यापूर्वी हॉर्नच्या खुणा ठरवाव्यात. पुढच्याने अगदी हळू निघावे, गचके देऊ नयेत. मागच्याने हलका ब्रेक लावून दोर सतत ताणलेला ठेवावा. सैल दोर चाकाखाली जातो किंवा हिसक्याने तुटतो. मुले व वडीलधारी मंडळी मागच्या गाडीत नकोत.

केव्हा ओढूच नये?

ब्रेक किंवा स्टिअरिंग बिघडले असेल, घाटाचा उतार असेल किंवा भरधाव वाहतुकीचा रस्ता असेल, तर दोराचा विचारही करू नये. ऑटोमॅटिक व विजेवरच्या गाड्या चाकांवर ओढल्यास गिअरबॉक्स वा मोटर खराब होऊ शकते. त्या ट्रकवर चढवूनच न्याव्यात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

जीपवाल्याचे आभार जरूर मानावेत. पण यांपैकी एकही अडचण असेल, तर त्याला दोराऐवजी कुटुंबाला पुढच्या गावी सोडण्याची विनंती करावी. गाडी तासाभराने आली, तरी चालते.