काळ्या मातीवरचं घर

परतूरकडे नवीन प्लॉटवर घर बांधलेल्या कितीतरी जणींची तक्रार एकच. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, नि उन्हाळ्यात भिंतीला तिरपी भेग पडते. मग बोल लागतो गवंड्याला, नाहीतर वास्तूला! पण मैत्रिणींनो, पुष्कळदा खरं कारण असतं पायाखालच्या काळ्या मातीत.

आपली ही माती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा हा पाषाण. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. नाव अवघड, पण रचना अगदी आपल्या पुरणपोळीसारखी. वर-खाली पारी सिलिकाची, आत पुरण ॲल्युमिनाचं. एका पोळीतले अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. पण एका पोळीची दुसरीवर पकड मात्र ढिली. चवडीतल्या पोळ्यांमध्ये तूप झिरपावं तसं पाणी त्यांच्यामध्ये शिरतं, नि चवड फुगते. उन्हात पाणी उडालं की ती खाली बसते आणि जमीन भेगाळते.

कपबशीच्या चिनी मातीतही सिलिका नि ॲल्युमिनाच असतं, बरं का! पण तिथे थर एकास एक, आणि पापुद्रे हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाण्याला आत वाट नाही, म्हणून ती अशी फुगत नाही. हिरा आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, दोन्ही कार्बनच. तसाच हा प्रकार. जिन्नस तेच, जुळणी वेगळी, की गुणही वेगळे.

काळी माती ओल धरते, म्हणून कपाशीला ती चांगली. घराला मात्र त्रास. मोरीकडची जमीन फुगते, उन्हाकडची आकसते. एक कोपरा उचलला जातो नि भिंत फाटते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

१. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. माती फार खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले 'अंडररीम्ड' खांब घालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यावर मोठं काम केलं आहे. इंजिनिअरला जरूर विचारा.

२. खणलेली काळी माती जोत्यात भरू देऊ नका. मुरूम भरून चांगला चोपून घ्या.

३. घराभोवती बाहेर उतार देऊन फरशी करा. मोरीचं, न्हाणीचं पाणी भिंतीशी मुरू देऊ नका.

४. मोठी झाडं भिंतीलगत नकोत. मुळं ओल शोषतात नि माती आकसते.

५. भेग लगेच लिंपू नका. तिच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. खुणेपुढे गेली तर जाणकाराला दाखवा.

बांधकामाची बोलणी चालू असताना आपल्याला चहापुरतंच बोलावतात. पण घरासाठी मोडले जातात ते दागिने आपलेच ना! म्हणून पाया भरण्याआधी एक प्रश्न न लाजता विचारा: "मुरूम लागला का?"