कोकणकड्यावरचा तंबू : हलका हवा, पण किती?

अकोले, (प्रतिनिधी) : पाचनईहून हरिश्चंद्रगडाची चढण दोन-अडीच तासांची. पाठीवरचा प्रत्येक अर्धा किलो त्या वाटेवर जाणवतो. त्यामुळे गडावर मुक्कामाला निघालेले पुण्या-मुंबईचे भटके बहुधा वजनाचा आकडा पाहूनच तंबू घेतात. भंडारदऱ्याच्या काठी, हिवाळ्यातील निरभ्र रात्री असा तंबू उत्तम चालतो. तोच कोकणकड्याजवळ उभारला आणि वळवाच्या पावसाने गाठले, तर मध्यरात्री ओल्या कपड्यांनिशी गुहा शोधण्याची वेळ येते.

पावसापेक्षा येथे वारा अधिक घातक ठरतो. सुमारे १,४२० मीटर उंचीच्या या गडाची पश्चिम बाजू म्हणजे आत वळलेला प्रचंड कडा. कोकणातून येणारा वारा त्यावर आदळून वर चढतो. कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू अनेकदा वर परत येते, ती यामुळेच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० वर गेला, की तंबूवरील जोर चौपट होतो.

हा जोर पेलतात त्या काठ्या. फायबरग्लासच्या काठ्या स्वस्त, पण जड असतात आणि ताण वाढला की चिरफळतात. ॲल्युमिनियमची काठी हलकी असते आणि सहसा मोडण्याआधी वाकते. नळीचा छोटा तुकडा चढवून तिची तात्पुरती दुरुस्तीही होते. काठ्या जितक्या जास्त ठिकाणी एकमेकींना छेदतात, तितका सांगाडा पक्का. बोगद्याच्या आकाराचे तंबू वजनाला कमी भरतात खरे, पण ते मेखांशिवाय उभेच राहत नाहीत; आणि कड्यालगतच्या कातळात मेख शिरत नाही. तेथे घुमटाकार तंबू बरा. त्याच्या दोऱ्याही मोठ्या दगडांना बांधाव्या लागतातच, म्हणून चार-सहा मीटर जादा दोरी न्यावी. तिचे वजन नगण्य असते.

बाहेरचे आच्छादन जमिनीपर्यंत येणारे हवे. आतला कप्पा नुसत्या जाळीचा असला, तर पावसाचे तुषार आणि धुके थेट अंथरुणावर येते. कापडावर लिहिलेला '१,५०० मिलिमीटर' हा आकडा म्हणजे पाणी झिरपू लागण्यापूर्वी कापडाने पेललेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची. वरच्या कापडाला तेवढी पुरते. तळावर शरीराचा भार पडत असल्याने तेथे ती अधिक लागते. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन हलके आणि चिवट, मात्र भिजल्यावर सैल पडते. झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात, हे दुकानात क्वचितच सांगितले जाते.

दोघांसाठी दोन ते अडीच किलोचा तंबू या कसोट्यांना उतरू शकतो. काठ्या एकाने, कापड दुसऱ्याने घेतले की ओझे विभागले जाते. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने मुक्कामाचे नियम निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्यावेत. विजा चमकण्याची चिन्हे दिसताच उघडे पठार सोडून वेळीच पाचनईकडे उतरावे. विजेपासून कोणताही तंबू वाचवत नाही.