शेर कोणता? जुन्या पाककृतींतील मापे

जुन्या पाककृतीतील शब्द ओळखीचा असला, तरी त्यामागील माप ओळखीचे असतेच असे नाही. 'शेर' हा शब्द पाहा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त खिचडीचे प्रमाण असे आहे : तांदूळ, डाळ व तूप प्रत्येकी 5 शेर आणि मीठ एक-तृतीयांश शेर. हा शेर 30 दामांचा, म्हणजे सुमारे 630 ग्रॅमचा होता. ब्रिटिश अमदानीतील 80 तोळ्यांचा शेर मात्र सुमारे 933 ग्रॅमचा. महाराष्ट्रात तर धान्य मापण्याचे भांडेही शेरच. असे चार शेर म्हणजे एक पायली.

मग ही खिचडी आज करता येईल का? येईल. सर्व जिन्नस एकाच एककात असल्याने वजनाचा कोणताही शेर धरला तरी परस्परप्रमाण बदलत नाही. तांदूळ, डाळ व तूप प्रत्येकी 150 ग्रॅम घेतल्यास मीठ 10 ग्रॅम येते. तांदळाइतके तूप पाहून शेराला दोष देऊ नका. ती शाही मुदपाकखान्याची रीत होय.

परंतु तांदूळ शेरात आणि मसाला दामात दिलेला असेल, तर? 933 ग्रॅमचा शेर धरताच तांदूळ जवळजवळ दीडपट होतो आणि मसाला फिका पडतो.

म्हणून जुने माप आढळले की प्रथम तीन प्रश्न विचारा : काळ कोणता, प्रदेश कोणता, आणि माप वजनाचे की भांड्याचे? शब्दकोशातील अर्थ त्यानंतरच स्वीकारा.