तबकड्यांचा छंद : साठा कीं संग्रह ?

(नभोवाणीवरील भाषण)

संग्रहाची हौस मनुष्याला उपजतच असते. लहान मूल शंखशिंपले गोळा करतें. मोठेपणीं कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. या सर्व छंदांत गाण्याच्या तबकड्या, म्हणजेच ग्रामोफोनच्या रेकॉर्डी, जमविण्याचा छंद कांहींसा निराळा आहे. नाणें डोळे भरून पाहिलें कीं समाधान होतें. तबकडी मात्र नुसती पाहून भागत नाहीं. ती ऐकावी लागते, आणि ऐकावयास वेळ लागतो. नेमकी हीच गोष्ट या छंदांत बुडालेला मनुष्य विसरतो. हा विसर कोठवर जातो आणि त्यांतूनही समाजाचें कांहीं हित साधतें काय, याचा आज विचार करूं.

ब्राझिल देशांतील साओ पावलो शहरचे धनिक झेरो फ्रेइतास यांचें उदाहरण घ्या. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय बसगाड्या चालविण्याचा. १९६४ सालीं, बाळपणींच, त्यांनीं आपली पहिली तबकडी विकत घेतली. पुढें हातीं पैसा आला, तेव्हां एकेक तबकडी घेण्याचें सोडून त्यांनीं संग्रहच्या संग्रह विकत घेण्यास प्रारंभ केला. न्यूयॉर्कमधील ‘कॉलनी’ हें जुनें दुकान २०१२ सालीं बंद पडलें. तेथील शिल्लक माल त्यांनीं घेतला. पिट्सबर्ग येथील व्यापारी पॉल माव्हिनी यांनीं ४० हून अधिक वर्षें खपून जमविलेल्या सुमारें ३० लाख तबकड्याही २०१३ सालीं त्यांच्याच वखारींत जाऊन पडल्या.

आतां शाळामास्तराच्या संवयीनें थोडें गणित करूं. व्हिनाइलच्या बारा इंची दीर्घवादन तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून सुमारें ४० मिनिटें वाजतात. एखादा रसिक दुसरें कांहीं न करतां रोज ८ तास ऐकत बसला, तर दिवसास १२ तबकड्या होतील, वर्षास ४,३८० होतील. या हिशेबानें १० लाख तबकड्या ऐकण्यास सुमारें २२८ वर्षें लागतील, आणि ३० लाखांस ६८० हून अधिक. म्हणजे हा व्यवहार ऐकण्यासाठीं उरलेलाच नाहीं, हें उघड आहे. मग तो कशासाठीं ? स्वतः फ्रेइतास यांनींच सांगितलें आहे कीं, याचें उत्तर शोधण्यासाठीं आपण ४० वर्षें मानसोपचार घेत आलों आहों !

हें ऐकून आपणांस हसूं येईल. परंतु या वेडाला दुसरीही एक बाजू आहे. ज्या कंपन्यांनीं हें संगीत मुद्रित केलें, त्यांनीं तें जतन केलें असेल, असें आपण गृहीत धरतों. वस्तुस्थिति तशी नाहीं. अमेरिकेंत १८९० ते १९६४ या काळांत निघालेल्या मुद्रणांची २००५ सालीं पाहणी झाली. तींत असें आढळलें कीं, त्यांपैकीं अवघीं १४ टक्के मुद्रणें त्यांच्या हक्कदारांनीं पुन्हां बाजारांत आणलीं होतीं. २००८ सालीं हॉलिवुडजवळील युनिव्हर्सल स्टुडिओस आग लागली, तींत मूळ ध्वनिफितींचें भांडारच जळालें. महायुद्धाच्या काळांतली गोष्ट तर विशेष बोलकी आहे. त्या वेळच्या तबकड्या मुख्यतः चपड्या लाखेच्या असत आणि ही लाख हिंदुस्थानच्या अरण्यांतून परदेशीं जाई. युद्धामुळें ती मिळेनाशी झाली, तेव्हां १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले, आणि नवीं गाणीं काढण्यासाठीं लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन त्या दळण्यांत आल्या ! व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी बाजारांत आली ती त्यानंतर, १९४८ सालीं.

आपल्याकडे तबकडीचें मोल याहूनही अधिक आहे. कारण आपलें गाणें कागदावर लिहून ठेवण्याचें नव्हे, तें कंठांत राहतें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचा आवाज तबकडीवर राहिला नाहीं, आणि आज त्यांची केवळ कीर्तिच आपण ऐकतों. उलट, १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँ यांचा सूर आजही जसाच्या तसा कानीं पडतो. दोघांच्या योग्यतेंत उणेंअधिक नाहीं. अंतर पडलें तें एका लाखेच्या चकतीमुळें!

मग ज्याच्याजवळ तबकड्यांचे ढीग आहेत तो संस्कृतीचा रक्षकच म्हणावयाचा काय ? नाहीं. साठा वेगळा आणि संग्रह वेगळा. धान्याच्या कोठारांत दाणा दाण्यासारखा असतो, म्हणून तो साठा. संग्रहांत प्रत्येक वस्तूला नांव असतें, स्थान असतें, आणि मागेल त्याला ती काढून देतां येते. ज्यानें शाळेचा ग्रंथसंग्रह सांभाळला असेल त्याला हें सांगावें लागणार नाहीं. दाखल-नोंदवहींत ज्याची नोंद नाहीं, तें पुस्तक कपाटांत असून हरवलेलेंच असतें.

या नोंदीचें महत्त्व आपल्या आद्य गायिकांच्या तबकड्यांतच ऐकूं येतें. १९०२ सालीं फ्रेड गेसबर्ग यांनीं कलकत्त्यास पहिलीं मुद्रणें केलीं. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत पुकारी. हा अहंकार नव्हे. तबकड्या तयार होत जर्मनींतील हॅनोव्हर येथें. तेथील कारागिरांना हें गाणें कोणाचें, हें कळावें कसें? म्हणून गाण्याच्या पोटांतच त्याची नोंद घातली गेली.

फ्रेइतास यांनाही पुढें हें उमगलें. त्यांनीं विद्यार्थी नेमून तबकड्या धुणें, त्यांचीं छायाचित्रें घेणें आणि सूचि करणें हें काम सुरू केलें, आणि सर्वांसाठीं श्रवणालय काढण्याचा संकल्प सोडला. २०१४ सालच्या सुमारास रोज सुमारें ५०० तबकड्यांची नोंद होत असे. एकट्या माव्हिनींच्या ३० लाखांस त्या गतीनें, एकही सुटी न घेतां, १६ वर्षांहून अधिक काळ लागेल. खरेदी एका दिवसाची, सूचि आयुष्याची ! आपल्या मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या मंडळानें संग्राहकांना एकत्र आणलें आणि जुन्या मुद्रणांची माहिती छापून प्रसिद्ध केली. त्याचें मोल त्यामुळेंच मोठें आहे.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखादी पेटी असेल. संग्राहकाच्या मागें त्याचा ढीग वारसांना ओझें होतो आणि वजनावर विकला जातो. तसें होऊं द्यावयाचें नसेल, तर थोडें काम करावें. तबकड्या एकावर एक न रचतां उभ्या ठेवाव्या. लाखेची फुटते, व्हिनाइलची उष्णतेनें वांकते. पावसाळ्यांत वेष्टनांना बुरशी येते, ती पाहावी. लाखेच्या तबकडीची खांच रुंद असते, तिला दीर्घवादन तबकडीची बारीक सुई लावूं नये. आणि मुख्य म्हणजे एक साधी वही घ्यावी. तींत गायकाचें नांव, गाणें, कंपनी आणि चिठ्ठीवरील क्रमांक उतरावा, आणि घरांत ज्यांनीं तें गाणें ऐकलें असेल त्यांना विचारून चार शब्द लिहावे. शंभर तबकड्यांचें हें काम आठ-दहा सायंकाळींत होतें.

लक्षावधि तबकड्या जमविणें हें आपल्या आवांक्यांतलें नाहीं, आणि त्याचा हेवा करण्याचेंही कारण नाहीं. परंतु जेवढ्या आपल्याजवळ आहेत तेवढ्यांची ओळख पुढच्या पिढीच्या हातीं देणें कोणासही जमण्यासारखें आहे. तेवढें झालें, तर माळ्यावरील पेटी अडगळ न राहतां संग्रह होईल.