मोन्ते कासिनोचे संग्रहालय आणि वळिवडे

रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरवर मोन्ते कासिनो हा डोंगर आहे. संत बेनेडिक्ट ह्यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास येथे मठ स्थापन केला. मठाजवळच पोलिश सैनिकांची दफनभूमी असून, तेथील लढाईला सत्तर वर्षे झाली त्या २०१४ साली तिच्या लगत एक लहान संग्रहालय उघडण्यात आले. जनरल व्लादिस्लाव आंदेर्स ह्यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरला ते वाहिलेले आहे.

हे सैनिक इटलीत आले कसे? १९३९ साली जर्मनी व सोव्हिएत संघ ह्यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लाखो रहिवाशांना सैबेरिया, कझाकस्तान आदी दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. १९४१ साली जर्मनीने सोव्हिएत संघावरच आक्रमण केले, तेव्हा मुक्त झालेल्या ह्या बंदिवानांतून आंदेर्स ह्यांनी सेना उभारली. १९४२ साली ती इराणमध्ये आली. तिच्यासोबत स्त्रिया, मुले व अनाथ बालकेही आली. त्यांतील अनेकांना १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील वसाहतीत आश्रय मिळाला. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहिले. त्यांतील कित्येकांचे पती, पिता वा बंधू आंदेर्स ह्यांच्या सेनेत होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात मठ उद्ध्वस्त झाला. डोंगर जिंकण्यासाठी आधी झालेल्या हल्ल्यांत भारतीय सैन्याच्या चौथ्या डिव्हिजननेही रक्त सांडले होते. अखेर १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर आपला ध्वज फडकविला. नऊशेहून अधिक पोलिश जवान त्या लढाईत धारातीर्थी पडले.

दफनभूमीत एक हजाराहून अधिक कबरी आहेत. ख्रिस्ती क्रुसांसोबत ज्यू सैनिकांच्या कबरींवर दावीदाचा तारा दिसतो. सैनिकांचे बिशप युझेफ गाव्लिना ह्यांनाही तेथेच चिरविश्रांती लाभली. १९७० साली लंडनमध्ये निधन पावलेल्या आंदेर्स ह्यांचे दफन त्यांच्या इच्छेनुसार आपल्या सैनिकांच्या सान्निध्यात झाले.

विजय मिळाला, घर मात्र मिळाले नाही. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. अनेक सैनिकांची गावे त्याच प्रदेशात होती. बहुसंख्य सैनिक मायदेशी परतले नाहीत. १९४८ साली वळिवड्याची वसाहत बंद झाली आणि तेथील कित्येक कुटुंबे ब्रिटन व अन्य देशांत विखुरली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात ह्या निर्वासितांचे स्मारक आहे. मोन्ते कासिनोला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूने तेही ध्यानी ठेवावे. डोंगरावर सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसे पंचगंगेच्या खोऱ्यात राहत होती.